इंडियानातील लिंकनच्या आईची कबर : मृत्यू १८१८ चा, दगड १८७९ चा, मग जागा कशी ठरली?

नदीकाठचा_वाटसरू (प्रश्न)

नमस्कार. नोकरीच्या निमित्ताने गेली काही वर्षे इंडियाना राज्यात राहतो. येथे चौथीच्या वर्गाला राज्याचा इतिहास असतो, त्यामुळे मुलीच्या हट्टापायी गेल्या महिन्यात आम्ही दक्षिणेकडील स्पेन्सर काउंटीत लिंकनचे बालपण गेले ते ठिकाण पाहून आलो. १८१६ च्या अखेरीस केंटकीहून आलेले लिंकन कुटुंब १८३० पर्यंत येथे राहिले आणि अब्राहमची आई नॅन्सी हँक्स लिंकन येथेच वारली. तिची कबर एका लहानशा टेकाडावर, झाडांच्या सावलीत, लोखंडी कुंपणाच्या आत आहे. आजूबाजूला आणखी काही जुन्या कबरी आहेत. या जागेला पायोनियर सिमेटरी म्हणतात, म्हणजे जंगल तोडून तेथे प्रथम वस्ती करणाऱ्यांची दफनभूमी.

कबरीवर पांढरा दगड आहे आणि त्याच्या माथ्यावर लोकांनी लिंकनचा मुखवटा असलेली एक-एक सेंटची नाणी ठेवलेली असतात. मुलीने दगडावरचा मजकूर मोठ्याने वाचला : मृत्यू ५ ऑक्टोबर १८१८, वय ३५ वर्षे, आणि तळाशी ‘हुतात्मा पुत्राच्या एका मित्राने १८७९ मध्ये उभारला’ अशा अर्थाची ओळ. ती लगेच म्हणाली, ‘बाबा, शाळेत तर ३४ वर्षे शिकवले आहे.’ मला उत्तर देता आले नाही, आणि परतीच्या वाटेवर माझ्याच मनात आणखी प्रश्न उभे राहिले.

मृत्यू आणि दगड यांच्यात ६१ वर्षांचे अंतर आहे. एवढा काळ कबरीवर काहीच नव्हते का? नसेल, तर दगड बसवणाऱ्यांना नेमकी जागा कोणी दाखवली? ज्या मुलाने पुढे राष्ट्राध्यक्षपद भूषवले त्याने स्वतः आईच्या कबरीवर दगड का बसवला नाही? आणि ही दफनभूमी लिंकन कुटुंबाची खासगी होती की गावाची? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

शिलालेख_वेडा

प्रश्न नेमके आहेत. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याच्या उत्तरात बाकीच्यांची उत्तरे दडलेली आहेत.

लिंकन कुटुंब आले त्याच महिन्यात, म्हणजे डिसेंबर १८१६ मध्ये, इंडियानाला राज्याचा दर्जा मिळाला. तेव्हा तेथे आपण ज्याला गाव म्हणतो तसे काही नव्हते. दाट रान, त्यात दूर दूर विखुरलेल्या ओंडक्यांच्या झोपड्या, आणि लिटल पिजन क्रीक नावाचा ओढा, ज्याच्या नावाने त्या साऱ्या वस्तीला ओळखत. सार्वजनिक स्मशान नव्हते. बाप्टिस्ट मंडळी स्थापन झाली होती, पण तिचे प्रार्थनागृह १८२० नंतर उभे राहिले, आणि गंमत म्हणजे त्याच्या बांधकामात सुतार म्हणून खुद्द टॉमस लिंकनचा, म्हणजे अब्राहमच्या वडिलांचा, हात होता. त्यामुळे १८१८ मध्ये ज्याच्या घरी मृत्यू येई त्याने घराजवळची एखादी उंच, पाणी न साचणारी जागा पाहून तेथे खड्डा खणावा, हाच रिवाज होता. एका घराने जागा निवडली की शेजारचे घरही आपला माणूस तेथेच आणी. म्हणून अशा दफनभूमीला कुटुंबाची म्हणावे तर त्यात शेजारी असतात, आणि गावाची म्हणावे तर गाव अजून वसायचे असते.

या टेकाडावर प्रथम नॅन्सी आली नाही. तिच्या आधी काही दिवस तिची मावशी एलिझाबेथ आणि मावशीचा नवरा टॉमस स्पॅरो यांना येथे पुरले गेले. नॅन्सी लहानपणी याच दांपत्याजवळ वाढली होती, आणि लिंकन कुटुंबाच्या मागोमाग तेही केंटकीहून येथे आले होते. सप्टेंबर १८१८ मध्ये अंथरुणाला खिळलेल्या टॉमस स्पॅरोने मृत्युपत्र केले. त्याखाली साक्षीदार म्हणून नॅन्सी लिंकनची खूण आहे. सही नाही, खूण. त्यानंतर काही दिवसांतच ती स्वतः त्याच दुखण्याने पडली आणि ५ ऑक्टोबरला गेली. शेजारच्या ब्रूनर कुटुंबातील स्त्री, तिचेही नाव नॅन्सीच, त्याच साथीत वारली आणि तिलाही याच टेकाडावर जागा मिळाली. एका पानगळीत, एका आजाराने, एकमेकांची सेवा करणारी माणसे एकामागोमाग येथे आली. ही दफनभूमी अशी तयार झाली.

शवपेटीची हकीकत मुलीला जरूर सांगावी. स्पॅरोंकडे राहणारा, तेव्हा १९ वर्षांचा असलेला डेनिस हँक्स याने पुढे म्हातारपणी सांगितलेल्या आठवणींनुसार, झोपडी बांधताना उरलेल्या ओंडक्याच्या फळ्या टॉमस लिंकनने कापल्या, रंधा मारून पेटी जोडली, आणि त्या जोडण्यासाठी लागणाऱ्या लाकडी खुंट्या नऊ वर्षांच्या अब्राहमने चाकूने तासून दिल्या. रानात लोखंडी खिळे महाग आणि दुर्मिळ, त्यामुळे सुताराच्या घरीही खुंट्याच वापरत. जेथे पेटीला खिळे नव्हते, तेथे पाथरवट कोठून येणार? डोक्याशी आणि पायाशी रानातला एकेक दगड रोवला की काम झाले. आपल्याला आजूबाजूच्या ज्या बुटक्या कबरी दिसल्या, त्यांची मूळ स्थिती साधारण हीच असावी.

वयाविषयी : नॅन्सीची जन्मतारीख सामान्यतः ५ फेब्रुवारी १७८४ अशी देतात. त्या हिशेबाने मृत्यूसमयी तिला ३४ वर्षे आणि ८ महिने पूर्ण झाले होते. आपल्याकडची वडीलधारी मंडळी अशा वेळी ‘पस्तिसावे चालू होते’ असे म्हणाली असती, आणि दगड कोरणाऱ्याने तसेच काहीसे केलेले दिसते. मुलीची वजाबाकी बरोबर आहे.

गोठ्यातला_वैद्य

वर ‘साथ’ हा शब्द आला आहे, त्यावर थोडे लिहितो. मी पशुवैद्य आहे, त्यामुळे या कबरींचे कारण मला इतिहासापेक्षा माझ्या धंद्यातून अधिक जवळचे वाटते.

हा संसर्गजन्य रोग नव्हताच. त्याला तेथील लोक ‘मिल्क सिकनेस’ म्हणत, म्हणजे दुधातून होणारे दुखणे. उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडील सावलीच्या रानात पांढऱ्या फुलांचे एक झुडूप वाढते, व्हाइट स्नेकरूट, शास्त्रीय नाव अजेराटिना अल्टिसिमा. आपल्याकडे सह्याद्रीत रानमोडी म्हणून जे तण माजले आहे, त्याच्याच गोतातले. (रानमोडीने हाच रोग होतो असा अर्थ कृपया कोणी काढू नये.) त्यात ट्रेमेटॉल नावाचे विषारी मिश्रण असते. वसाहतकऱ्यांजवळ अजून कुरणे नव्हती. गुरे रानात मोकळी सोडलेली असत. उन्हाळ्याच्या शेवटी गवत वाळले की गुरे सावलीतल्या हिरव्या पाल्याकडे वळत आणि हे झुडूप ओरबाडत. म्हणूनच हे दुखणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उठे.

आता यातली खरी मेख सांगतो. आपल्याकडे जनावराला ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यांनी किराळ लागते, तेव्हा ते डोळ्यांदेखत तडफडते. मालकाला कारण समजते आणि तो दुसऱ्या जनावराला त्या शेतातून हाकलतो. स्नेकरूटचे तसे नाही. विष हळूहळू साठते आणि दुधावाटे बाहेर पडते, त्यामुळे दुभती गाय पुष्कळदा धडधाकट दिसते, आणि तिचे वासरू व तिचे दूध पिणारी माणसे मात्र आजारी पडतात. भाकड गुरांना कंप सुटतो, ती थरथरत खाली बसतात. माणसाला आधी मरगळ, मग ओकाऱ्या, तीव्र बद्धकोष्ठ, तोंडाला विशिष्ट उग्र वास, आणि शेवटी गुंगी. आठवडाभरात खेळ आटोपतो. आजाऱ्याला शक्ती यावी म्हणून सेवा करणारा प्रेमाने आणखी दूध पाजतो आणि स्वतःही तेच पितो. स्पॅरो दांपत्याच्या मागोमाग नॅन्सी का गेली असावी, हे या एका गोष्टीवरून उमगते.

येथे कोणी विचारील की दूध उकळले असते तर? भरवसा नाही. पाश्चरायझेशनच्या तापमानाला हे विष निष्प्रभ होत नाही, आणि ते चरबीत विरघळणारे असल्यामुळे लोण्यातही उतरते. खरा उपाय झाला तो रान तोडले गेल्यामुळे आणि गुरे कुंपणाच्या आतील कुरणात चरू लागल्यामुळे. विषाचा रासायनिक उलगडा होण्यास तर विसाव्या शतकाचे तिसरे दशक उजाडावे लागले. म्हणजे १८७९ मध्ये दगड बसवणाऱ्यांनाही ही बाई कशाने मेली हे दुखण्याच्या नावापलीकडे ठाऊक नव्हते.

काळी_शाई

शिलालेख_वेडा यांचे विवेचन उत्तम आहे, परंतु मूळ प्रश्न होता तो जागेचा, आणि त्यावर अजून कोणी लिहिलेले नाही. म्हणून तेवढेच लिहिते.

कुटुंब मार्च १८३० मध्ये इलिनॉयला निघून गेले. जमीन दुसऱ्यांकडे गेली, झोपडी पडली, टेकाडावर झाडोरा वाढला. १८४४ मध्ये हेन्री क्लेच्या प्रचारासाठी लिंकन एकदाच या भागात परत आला. आई आणि एकुलती एक बहीण जेथे पुरलेली आहेत त्या परिसरात आपण गेलो होतो, असे त्याने पुढे एका पत्रात लिहिले आणि त्या भेटीवर कविताही केली. पण कबरीवर खूण उभारल्याचा उल्लेख नाही. यावरून त्याला आईची पर्वा नव्हती असा निष्कर्ष काढणारे लोक मला उथळ वाटतात. त्याचे वडील १८५१ मध्ये इलिनॉयमध्ये वारले. त्यांच्या कबरीवरही मुलाच्या हयातीत दगड बसला नाही; तो १८८० च्या सुमारास बसला. त्या पिढीतल्या, रानात वाढलेल्या माणसांच्या असंख्य कबरी अशाच राहिल्या. आपल्याला खटकते, कारण आपण राष्ट्राध्यक्षाच्या आईची कबर पाहायला जातो. तो १८४४ मध्ये तेथे आला तेव्हा राष्ट्राध्यक्ष नव्हता, आणि ती तर कोणाचीही प्रसिद्ध आई नव्हती.

एप्रिल १८६५ मध्ये लिंकनची हत्या झाली आणि चित्र एकदम पालटले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये त्याचा वकिलीतील भागीदार विल्यम हर्नडन चरित्रासाठी साहित्य जमवत इंडियानात आला. त्याला माहिती देणाऱ्यांत नॅथॅनियल ग्रिग्सबी होता, लिंकनच्या बहिणीचा दीर. म्हणजे जागा ठरली ती कागदावरून नव्हे, तर अशा शेजाऱ्यांच्या आठवणींवरून. पंचेचाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची, तेव्हा पोरवयात पाहिलेली गोष्ट म्हातारी माणसे दाखवत होती. टेकाड कोणते याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण एका टेकाडावरील एकमेकांशेजारच्या, निनावी, खचलेल्या कबरींपैकी नेमकी कोणती तिची, हे स्मरणाच्या भरवशावरच मानावे लागते. दगड जेथे आहे तेथे हातभर इकडेतिकडे झाले असेल, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

पहिली खूण १८७४ मध्ये स्थानिक माणसाने, जोसेफ आर्मस्ट्राँग याने, रोवली. दोनेक फुटांचा दगड होता. तो टिकला नाही. कबरीची हेळसांड वर्तमानपत्रांतून गाजू लागली, तेव्हा १८७९ मध्ये साउथ बेंड येथील घोडागाड्यांच्या प्रसिद्ध कारखान्यातील पीटर स्टुडबेकर याने ५० डॉलर देऊन आपण पाहिलेला दगड करवून घेतला, आणि आपले नाव त्यावर येऊ दिले नाही. ‘एका मित्राने’ ही ओळ त्यामुळे आहे. कुंपणासाठी स्थानिक लोकांनी वर्गणी काढली आणि अर्धा एकर जागा काउंटीकडे देण्यात आली. नाव न सांगणारा देणगीदार आणि डॉलर-डॉलरची वर्गणी, हा भाग मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत भला वाटतो.

नदीकाठचा_वाटसरू

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मुलीला पेटीच्या खुंट्यांची गोष्ट सांगितली, तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला तो ‘त्याची बहीण तेव्हा कुठे होती?’ असा. काळी_शाई यांच्या लिखाणात बहिणीच्या कबरीचा उल्लेख आहे, परंतु आम्हाला टेकाडावर तसे नाव कोठेच दिसले नाही. ती निराळीकडे आहे का? शिवाय आज तो परिसर फारच नीटनेटका, जवळजवळ मंदिराच्या प्रांगणासारखा भासतो. तो पूर्वीपासून असाच ठेवलेला आहे का?

शिलालेख_वेडा

बहीण सारा आईच्या मृत्यूसमयी ११ वर्षांची होती. तिने वर्षभर घर सांभाळले. डिसेंबर १८१९ मध्ये वडील केंटकीला जाऊन सारा बुश जॉन्स्टन या विधवेशी लग्न करून परतले, तेव्हा कोठे त्या मुलीच्या हातून चूल सुटली. पुढे तिचे लग्न आरन ग्रिग्सबीशी झाले, आणि २० जानेवारी १८२८ रोजी ती बाळंतपणात गेली. अजून एकवीसही पूर्ण नव्हती. तोपर्यंत लिटल पिजनचे प्रार्थनागृह उभे राहिले होते आणि त्याच्या आवारात दफन करण्याची प्रथा सुरू झाली होती, म्हणून तिला तेथे पुरले. ती जागा रस्त्याच्या पलीकडे, आता लिंकन स्टेट पार्क नावाच्या उद्यानात येते. आई आणि मुलगी वेगवेगळ्या दफनभूमीत का, याचे उत्तर एवढेच आहे की मधल्या दहा वर्षांत रानाला प्रार्थनागृह मिळाले.

याच संदर्भात एक प्रथा सांगण्याजोगी आहे. प्रवचनकार तेव्हा घोड्यावरून मुलुखभर फिरत. माणूस गेला की घरचे लगेच पुरून टाकीत, आणि अंत्यविधीचे प्रवचन प्रवचनकार येईल तेव्हा, कधी काही महिन्यांनी, कबरीजवळ होई. नॅन्सीच्या बाबतीत केंटकीतील डेव्हिड एल्किन हे धर्मोपदेशक पुढच्या वर्षी आले आणि शेजारीपाजारी टेकाडावर जमले, असे परंपरेने सांगतात. अब्राहमने त्यांना स्वतः पत्र लिहून बोलावले, ही पुढची जोड मात्र मी जरा बेताने घेतो.

नीटनेटकेपणाविषयी काळी_शाई यांनी लिहावे. त्यांचा अभ्यास अधिक आहे.

काळी_शाई

पूर्वीपासून तो तसा मुळीच नव्हता. १८७० च्या दशकात रेल्वे आली, लिंकनच्या शेतावर लिंकन सिटी नावाचे खेडे आखले गेले, आणि जेथे झोपडी होती तेथे शाळाही उभी राहिली. टेकाड तेवढे बाजूला राहिले.

त्यानंतर सरकारी भक्तीचा काळ आला. १८९७ मध्ये नॅन्सीच्या स्मारकासाठी संस्था स्थापन झाली, आणि लिंकनचा मुलगा रॉबर्ट याने तिला १००० डॉलर दिले. १९०२ मध्ये स्प्रिंगफील्ड येथील लिंकनच्या समाधीच्या दुरुस्तीतून उरलेल्या दगडाचे एक मोठे स्मारक कबरीवर आणून बसवले गेले. म्हणजे मुलाच्या समाधीचा उरलेला दगड आईच्या कबरीवर. कल्पना हृद्य होती, पण त्यामुळे १८७९ चा साधा दगड त्याच्या मागे झाकोळला. मग प्रवेशद्वारावर सिंह आणि गरुड आले! आपल्याकडे एखाद्या साध्यासुध्या समाधीचा जीर्णोद्धार करताना भक्तमंडळी जे करतात, ते सगळे तेथे झाले.

१९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंडियाना लिंकन युनियन या संस्थेने उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ओमस्टेड (धाकटा) यास आराखडा करण्यास सांगितले. त्याने सजावट वाढवण्याऐवजी काढण्याचा सल्ला दिला. सिंह गेले, १९०२ चे जड स्मारक कबरीवरून हलले, रस्ते आणि वाहने दूर नेण्यात आली, आणि खालून टेकाडापर्यंत दोन्ही बाजूंना झाडे असलेली एक सरळ पायवाट करण्यात आली. आपण जी शांतता अनुभवली ती १८१८ ची नसून या आराखड्याची आहे. मूळचे रान गडद, डुकरे-गुरे मोकळी हिंडणारी आणि बरेच गलबल्याचे असणार. १९६२ मध्ये हे सर्व केंद्र सरकारच्या राष्ट्रीय उद्यान सेवेकडे गेले.

माझी एकच तक्रार आहे. पाटीवर आणि नकाशावर नॅन्सीचे नाव ठळक असते आणि स्पॅरो, ब्रूनर ही नावे ओझरती येतात. ज्या मावशीने तिला वाढवले आणि जिच्या शेजारी तिला मुद्दाम पुरले, ती मावशी या टेकाडावर आधी आलेली आहे.

गोठ्यातला_वैद्य

पुन्हा जाणार असाल, तर सप्टेंबरच्या शेवटी जा आणि पायवाटेच्या कडेला, झाडांच्या सावलीत नजर ठेवा. कंबरेएवढी उंची, समोरासमोर येणारी दातेरी पाने, आणि शेंड्याला बारीक पांढऱ्या फुलांचे गुच्छ दिसले, तर ते बहुधा स्नेकरूट. मुलीला दाखवा, पण तोडू देऊ नका.

नदीकाठचा_वाटसरू

ठरले. पुढच्या सप्टेंबरमध्ये आधी रस्त्यापलीकडे साराच्या कबरीवर जाऊ आणि मग टेकाडावर. मुलीने आपल्या वहीत ‘३५’ खोडून ‘३४ पूर्ण, पस्तिसावे चालू’ असे लिहिले आहे. तिच्या बाईंना ते कसे समजावायचे हा आता माझा प्रश्न.